रिकाम्या कपाचं कारस्थान

शनिवारी सकाळी लाइल टोर्गरसनच्या हॉटेलात नेहमीची सगळी मंडळी नेहमीच्या जागांवर बसली होती, सगळ्यांचे कप रिकामे होते, आणि कोणीही कॉफी मागत नव्हतं. लाइल भरलेली किटली हातात धरून काउंटरच्या टोकाला उभा होता. त्याला वाटलं, गावात कोणीतरी गेलं असावं. पण तसं असतं तर एमिल कोव्हारने दार उघडता उघडताच सांगितलं असतं. एमिल गावचा न्हावी. बातमी पोटात ठेवणं त्याच्या प्रकृतीला सोसत नसे.

लाइलकडे कॉफी मागायची एक रीत होती. हाका मारायच्या नाहीत, चुटक्या वाजवायच्या नाहीत. कप संपला की तो काउंटरवर दोनदा आपटायचा. ठक-ठक, की लाइल किटली घेऊन हजर. नको असेल त्याने कप बशीत उपडा घालून ठेवायचा. पैसे पहिल्या कपाचे, त्यापुढचे कप लाइलच्या खात्यावर. लाइल कोरियाच्या युद्धाहून परत आला आणि त्याने हॉटेल उघडलं, तेव्हापासून नऊ वर्षं ही रीत चालू होती आणि सगळ्या बीव्हर बेंड गावाच्या अंगवळणी पडली होती. आमच्यातले कित्येक बाप्ये घरी जेवण झाल्यावरही टेबलावर कप आपटत, आणि आतून बायको ओरडे, "हे लाइलचं हॉटेल नाही!"

लाइल स्वतः उंच, किडकिडीत आणि मुखदुर्बळ माणूस. चेहऱ्यावरची इस्त्री कधी मोडायची नाही. ठक-ठक झाली की हातातलं काम टाकून यायचा, न बोलता कप भरायचा आणि न बोलता परत जायचा. नऊ वर्षांत यात कोणाला काही वावगं दिसलं नव्हतं. उलट लोक म्हणत, असा हॉटेलवाला मिळायला भाग्य लागतं.

घोटाळा केला तो शुक्रवारच्या सिनेमाने.

क्यूबातल्या रशियन क्षेपणास्त्रांच्या भानगडीने आठवडाभर गावाची झोप उडवली होती. तळघरांत वाटाण्याचे डबे रचून झाले होते. ती भानगड मिटली, तेव्हा जीव जरा रमवावा म्हणून अख्खं गाव थिएटरात जाऊन बसलं. पडद्यावर लागला होता राजकारणातल्या कटाचा चित्रपट. एक कप्तान शत्रूच्या कैदेतून सुटून येतो. देखणा, शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. कैदेत असताना शत्रूच्या डॉक्टरांनी त्याचा मेंदू धुऊन, पिळून, वाळत घातलेला असतो, याची त्याला स्वतःलाच कल्पना नसते. मात्र कोणी रिकामा पेला टेबलावर दोनदा आपटला, ठक-ठक, की त्याचा चेहरा पाटीसारखा कोरा होतो. तो उठतो आणि समोरचा सांगेल ते मुकाट करतो. तिजोरीच्या किल्ल्या आणून देतो, खलिते पळवतो, आणि शेवटी त्याच्या हातून गव्हर्नरपदाची निवडणूकच फिरवायचा घाट घातला जातो. या सगळ्यामागे कोण, तर त्याचा सख्खा मामा.

पहिली ठक-ठक झाली तेव्हा थिएटरात कोणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या ठक-ठकीला काही माना वळल्या. तिसरीला अंधारातून मिस थॉर्प यांचा आवाज आला, "अगबाई! लाइल!"

थॉर्पबाईंनी चाळीस वर्षं शाळा चालवली होती. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले होते, त्यामुळे त्या जे म्हणत ते गाव पाठ करी. सिनेमा सुटला तेव्हा कोणी कोणाशी बोलेना. एरवी शुक्रवारचा खेळ सुटला की सगळे लाइलकडे ॲपल पाय खायला जात. त्या दिवशी लाइल ॲपल पायचे तुकडे करून, बशा मांडून वाट बघत बसला आणि समोरच्या फुटपाथवरून सगळं गाव कोटाच्या कॉलरी वर करून निघून गेलं.

यात आणखी एक भर होती. लाइल निवडणुकीला उभा होता. मंगळवारी नगराध्यक्षाची निवडणूक, आणि क्लेटन बुशनेलसमोर बारा वर्षांत पहिल्यांदाच कोणी उभं राहिलं होतं. क्लेटन पशुखाद्याचा व्यापारी, आवाजाने मोठा आणि अंगाने त्याहून मोठा. त्याच्या कारकिर्दीत बागेतल्या बँडच्या चौथऱ्याचं छप्पर गळत होतं, ते गळतच राहिलं. लाइलने अर्ज भरला तेव्हा लोक म्हणाले, छपरासाठी भरला. खरं कारण फक्त बायकोला, आर्डिसला माहीत होतं. लाइल कोरियात शत्रूच्या कैदेतून सुटून परतला तेव्हा स्टेशनावर बँड वाजला होता, पण बँड थांबल्यावर कुजबुज सुरू झाली होती: सव्वादोन वर्षं तिकडे होता, काय काय शिकवलं असेल कोणास ठाऊक. तेव्हापासून लोक त्याची कॉफी प्यायले, पण त्याला कुठल्याच पदावर निवडलं नाही. साधं आग विझवणाऱ्या बंबवाल्यांच्या खजिनदारपदासाठी त्याचं नाव निघालं, तर सगळ्यांना एकदम खोकला आला. आयुष्यात एकदा तरी या गावाने आपल्यावर विश्वास टाकावा, एवढंच त्याला हवं होतं. ते त्याला फार हवं होतं.

तर शनिवारी सकाळी असा हा लाइल किटली घेऊन उभा, आणि काउंटरवर शुकशुकाट. एमिलने कप हातरुमालाच्या घडीवर ठेवला होता. शेजारच्याने हातमोजा अंथरला होता. तिसऱ्याने तर कप दोन्ही हातांत धरून मांडीवर घेतला होता. एवढ्यात टोकाला कोणाचा तरी कप निसटून काउंटरवर आदळला. ठक.

सगळे गोठले.

"एकदाच!" तो बिचारा ओरडला. "एकदाच वाजला! सगळ्यांनी ऐकलंय!"

लाइल एक पाऊल पुढे आला, थांबला, आणि मागे गेला. एकदा वाजला तर यायचं की नाही, याचा नियमच नव्हता. सगळ्यांनी ते पाहिलं. मंडळींनी पैसे ठेवले आणि एकामागून एक काढता पाय घेतला.

लाइलने कॉफी चाखून पाहिली. त्याला ती बरी लागली, पण नऊ वर्षं तीच कॉफी पिणाऱ्याच्या जिभेवर किती भरवसा ठेवायचा? गिऱ्हाईक दुसरा कप मागत नाही म्हणजे पहिल्यात खोट आहे, हे हॉटेलवाल्याला न सांगता कळतं. त्याने दुपारी वाण्याकडून दुसऱ्याच जातीची कॉफी आणली, आणि कॉफीचं मोठं पिंप व्हिनेगर घालून घासून काढलं. घासलं चांगलं, विसळलं जरा कमी.

संध्याकाळी एमिल पुन्हा आला. न्हाव्याला कुतूहल गप्प बसू देत नाही. त्याने एक घोट घेतला आणि त्याचं तोंड कडूजहर झालं.

"लाइल, आज कॉफीत काही घातलंयस का?"

"बदललीय," लाइल म्हणाला.

"बदललीस? का? कोणी सांगितलं बदलायला?"

"कोणी सांगायला कशाला पाहिजे? माझं मलाच कळलं."

सिनेमातला कप्तान अगदी हेच म्हणत असे. एमिल उठून जायच्या बेतात होता. पण दाराजवळच्या टेबलावरून दोघेतिघे डोळ्यांनी खुणावत होते, आणि माघार घेतली असती तर उद्या दुकानात वस्तऱ्याखाली मान देणारं गिऱ्हाईकही हसलं असतं. त्याने डोळे मिटून कप उचलला आणि आपटला. ठक-ठक.

लाइल आला. चेहरा नेहमीसारखा कोरा.

"लाइल," एमिल घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ते दार लाव बरं."

वारा येत असेल, असं लाइलला वाटलं. त्याने दार लावलं.

"आता खिडकी उघड."

लाइलने खिडकी उघडली. निवडणूक तीन दिवसांवर आली होती, मतदाराशी वाद कोण घालणार?

एमिलने दाराकडे एकदा बघून घेतलं. "डावा पाय उचल."

एमिलच्या हातून नेहमी काही ना काही खाली पडत असे. आपल्या पायाखाली त्याचं नाणं आलं असेल, अशा समजुतीने लाइलने पाय उचलला आणि खाली वाकून बघत तसाच उभा राहिला. त्याला काही दिसेना, म्हणून तो पायही खाली ठेवेना. दारापाशी खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. पाय खाली टेकेपर्यंत एमिलसकट सगळे बाहेर पडले होते. लाइलने भरायला आणलेली किटली होती तिथेच राहिली.

बातमी क्लेटन बुशनेलच्या दुकानात पोचली तेव्हा तो मक्याची पोती मोजत होता. मोजणी सोडून तो पोत्यावर बसला.

"पाय उचलला?"

"उचलला काय, धरून ठेवला!" एमिल म्हणाला. "मी खाली ठेव म्हटलं असतं तेव्हा ठेवला असता. मी घाबरून पळालो, बिचारा अजून तसाच उभा असेल."

"आणि असा माणूस आपला नगराध्यक्ष होणार? उद्या कोणीही परका येईल, ठक-ठक करील आणि पाण्याच्या टाकीची किल्ली मागेल."

"टाकीला कुलूप कुठाय? तुम्ही बारा वर्षं लावतो म्हणताय."

"विषय बदलू नकोस," क्लेटन म्हणाला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरत गेलं. सोमवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये बंबवाल्यांचं पॅनकेकचं जेवण होतं. दर निवडणुकीच्या आदल्या दिवशी असतं ते, आणि उमेदवारांनी तिथे चार शब्द बोलायचे असतात. "मी सगळ्या गावासमोर कप आपटतो," तो म्हणाला, "आणि त्याला सांगतो, माघार घे. उठून म्हणेल, घेतो. त्याचाही त्रास वाचेल, गावाचाही."

"पण ही जरा लबाडी नाही का होत?"

"लबाडी कसली? देशाचं संरक्षण आहे हे!"

इकडे आर्डिस बायकांच्या केशकर्तनालयात केस कापायला गेली असताना तिला सगळं कळलं. म्हणजे कोणी सांगितलं नाही. ती आत आली आणि तिथल्या चारही बायका एकदम हवेबद्दल बोलायला लागल्या. तिने थॉर्पबाईंना कोपऱ्यात गाठलं, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "सिनेमा बघून ये पोरी." रविवारी दुपारच्या खेळाला ती एकटीच जाऊन बसली. परतली ती तरातरा, आणि हॅटसुद्धा न काढता तिने लाइलला खुर्चीत बसवून सगळी गोष्ट सांगितली.

लाइलने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणून पाय उचलायला लावला होय," तो म्हणाला. "मी आपला नाणं शोधत बसलो."

तो असं म्हणाला आणि आर्डिसचा जीव तुटला. नऊ वर्षं हा माणूस पहाटे उठून या लोकांसाठी कॉफी करतो, कोणाला दूध किती आणि साखर किती हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगेल, आणि एका सिनेमाने हे लोक त्याला असं वागवतात. तिला रडू आलं. मग रडू ओसरून राग आला, आणि रागात ती नेहमी चांगला विचार करी.

"हे बघ, उद्या तो बुशनेल कप आपटणार, एमिलने सगळ्या गावाला सांगून टाकलंय. आपटू दे. तू जागचा हलायचं नाही. ढिम्म बसून राहायचं. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?"

"मग जमवून दाखव." तिने टेबलावरचा कप उचलून आपटला. ठक-ठक.

लाइल उठून उभा राहिला.

"अरे!"

"चुकून झालं. पुन्हा कर."

ठक-ठक. लाइल उठला. तिने त्याला हातांवर बसायला लावलं. ठक-ठक. हात अडकलेले असतानाही तो अर्धा उठला आणि खुर्ची बरोबर घेऊन आला. तिने त्याला गाणं म्हणायला लावलं, मागे वळून बसायला लावलं, त्याच्या मांडीवर पिठाचं पोतं ठेवलं. पिठाचं पोतं पडलं, तेव्हा दोघांनी नाद सोडला आणि जमीन पुसायला घेतली.

"लाइल," जमीन पुसता पुसता ती हळूच म्हणाली, "असं का होतं रे तुझं?"

"सवय आहे," तो म्हणाला, आणि फडकं पिळायला उठून गेला. आर्डिसला माहीत होतं की एवढंच कारण नाही. पण कोरियाबद्दल विचारलं की तो असाच फडकं पिळायला उठून जायचा, आणि तिने कधी पाठ धरली नव्हती.

सोमवारी चर्चच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. पॅनकेकला एवढी गर्दी आजवर कधी झाली नव्हती, आणि पॅनकेक कोणी खात नव्हतं. दोन-तीन दिवसांत कोणाला धड दुसरा कप मिळालेला नव्हता, त्यामुळे सगळं गाव चिडचिडं झालं होतं. नवरे बायकांवर खेकसत होते, बायका पोरांवर. टेबलावर प्रत्येकापुढे कप होता. पहिला कप वाढून झाला होता, पिऊन झाला होता, आणि कॉफीचं पिंप लाइलच्या खुर्चीमागे वाफा सोडत होतं. कॉफी करायचं काम बंबवाल्यांनी दरवेळेप्रमाणे लाइललाच दिलं होतं. त्यांनी हे दोन आठवड्यांपूर्वी ठरवलं होतं, आणि आता नाही म्हणायचं कसं हे कोणाला सुचलं नव्हतं.

लाइल पहिल्या टेबलाशी हातांवर बसला होता. शेजारी आर्डिस त्याच्या कोटाच्या शेपटावर आपलं सगळं वजन टाकून बसली होती. पास्टर लिंडक्विस्ट यांनी छोटीशी प्रार्थना केली, तीही घाईघाईत, आणि क्लेटन बुशनेल उठला.

त्याने आपल्या बारा वर्षांच्या सेवेबद्दल सांगितलं. चौथऱ्याच्या छपराचं काम हाती घेण्याचा विचार सुरू असल्याचं सांगितलं. मग त्याने आवाज खाली आणला.

"मित्रहो, मी कोणाबद्दल वाईट बोलणारा माणूस नाही. पण आपल्यात एक जण असा आहे, की त्याची सूत्रं कोणाच्या हातात आहेत हे त्याचं त्यालाच माहीत नाही. लाइल, माझा तुझ्यावर राग नाही हां. तुझ्या भल्यासाठीच करतोय."

त्याने टेबलावरचा आपला रिकामा कप उचलला. क्लेटनने कप उंच धरला, सगळ्यांना दाखवला आणि टेबलावर आपटला.

ठक-ठक.

लाइलची खुर्ची कुरकुरली. आर्डिसने डोळे मिटून घेतले. पण लाइल उठला नाही. त्याच्या कपाळावरून घामाचा ओघळ आला, नाकाच्या शेंड्यावर थांबला आणि टपकला, पण लाइल उठला नाही.

"लाइल टोर्गरसन!" क्लेटन गरजला. "ऊठ आणि सांग, मी माघार घेतो!"

लाइल त्याच्याकडे बघत राहिला. क्लेटन वाट बघत राहिला. पास्टर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. आणि त्या शांततेत थॉर्पबाईंचा आवाज आला, चाळीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचलेला तो आवाज.

"क्लेटन, तुझा हात बघ."

क्लेटनने आपल्या हाताकडे पाहिलं. कप आपटून झाल्यावर तो हात आपणहून लांब झाला होता. टेबलावरून पुढे, थेट लाइलच्या दिशेने, आणि त्या हातात रिकामा कप होता. भरून घेण्यासाठी जरासा तिरकाही केलेला.

"आणि तुम्ही सगळे," बाई म्हणाल्या, "आपापले हात बघा."

सगळ्यांनी पाहिलं. पहिल्या टेबलापासून शेवटच्यापर्यंत एकूण एक कप पुढे आला होता. एमिलचा पुढे होता. पास्टरांचाही होता. बंबवाल्यांचा कप्तान खुर्चीतून अर्धा उठून कप पुढे करत होता. थॉर्पबाईंच्या स्वतःच्या हातातही कप होता, आणि खोटं कशाला बोलू, माझाही पुढेच होता. ठक-ठक ऐकली आणि अख्ख्या गावाने मुकाट कप पुढे केला होता. जागचा हलला नव्हता तो फक्त लाइल.

प्रथम कोण हसलं ते कळलं नाही. बहुधा एमिल. त्याचं हसू न्हाव्याच्या दुकानातलं, फार सांसर्गिक. बघता बघता सगळा हॉल हसायला लागला. क्लेटन मात्र हसेना. हात मागे घ्यावा तर कबुली दिल्यासारखं होतं, आणि न घ्यावा तर दंड भरून आला होता.

"पण पाय का उचलला मग?" तो ओरडला. "एमिलने सांगितलं तर पाय उचलला की नाही?"

"मला वाटलं, त्याचं नाणं पडलंय," लाइल म्हणाला.

हसण्याची आणखी एक लाट आली. ती ओसरेपर्यंत लाइल थांबला. मग त्याने शेजारी बसलेल्या आर्डिसच्या खांद्यावर हात ठेवला. ती सरकली, आणि तो उठून उभा राहिला. स्वतःहून.

"एक सांगतो," तो म्हणाला. लाइल चारचौघांत बोलतोय हेच लोकांना नवीन होतं. "मिस्टर बुशनेल म्हणतात ते साफ खोटं नाही. तो आवाज ऐकला की मला राहवत नाही. काल घरी किती तरी वेळा करून पाहिलं, प्रत्येक वेळी उठलो. आणि सवय तिकडचीच आहे."

क्लेटनच्या चेहऱ्यावर थोडा रंग परत आला.

"तिकडे रोज भाषणं असायची. आमचं डोकं फिरवायला. आता खरं सांगायचं तर मी त्यातलं एकही पुरं ऐकलं नाही, बसल्या बसल्या झोपायचो. पण सकाळी भाषणाआधी... आमच्यात नेब्रास्काचा एक जण होता. डेल. त्याच्याकडे पत्र्याचा मग होता. रोज उठला की तो मग फळीवर दोनदा आपटायचा. ठक-ठक. आणि म्हणायचा, 'कोणी आहे का? कॉफी आणा!' मग आम्ही आपापलं सांगायचो. कोण म्हणायचा दूध जास्त, कोण म्हणायचा साखर दोन चमचे. कॉफी नव्हती. गरम पाणीसुद्धा नव्हतं. पण सांगून झालं की जरा ऊब आल्यासारखं वाटायचं."

पिंपाशेजारी त्याची किटली होती, ती त्याने चाचपली.

"दुसऱ्या हिवाळ्यात एक दिवस सकाळी आवाज आला नाही. तेव्हा मी ठरवलं, घरी पोचलो तर असा कप कोणीही आपटू दे, ओळखीचा असो, परका असो, त्याला ताटकळत ठेवायचं नाही. तेवढंच तिकडून शिकून आलोय. बाकी काही नाही."

आर्डिस त्याच्याकडे बघत होती. नऊ वर्षांत हे तिनेही पहिल्यांदाच ऐकलं. हॉलमध्ये नजर वर करायची कोणाची छाती होईना. ज्यांना खजिनदारपदाच्या वेळी खोकला आला होता, त्यांना आता घसा खाकरायचीही लाज वाटत होती.

शेवटी थॉर्पबाईंनीच तो गुंता सोडवला. "लाइल," त्या म्हणाल्या, "माझा कप अजून रिकामा आहे."

लाइलने किटली भरून घेतली. पण तो आधी थॉर्पबाईंकडे गेला नाही. तो क्लेटनसमोर गेला. क्लेटनचा हात अजून तसाच पुढे होता.

"दूध नाही, साखर दीड चमचा," लाइल म्हणाला आणि कप काठोकाठ भरला.

"थँक यू, लाइल," क्लेटन म्हणाला. म्हणजे त्याला म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. नऊ वर्षं तो कप भरला की हेच म्हणत आला होता. मग त्याने एक घोट घेतला, लांब सुस्कारा सोडला आणि खाली बसला. त्याचं भाषण तिथेच संपलं. लाइलने मात्र हॉलभर फिरून एकेकाचा कप भरला, शेवटच्या टेबलापर्यंत. त्याला दुसरं भाषण करावं लागलं नाही.

मंगळवारी लाइल निवडून आला. किती मतांनी ते सांगत नाही, कारण क्लेटन अजून आमच्या शेजारीच राहतो. एवढं मात्र सांगतो, की नव्या नगरसभेच्या पहिल्या बैठकीत लाइलने शांततेसाठी हातोडी दोनदा आपटली, तेव्हा सगळ्या सभासदांचे हात टेबलावर पुढे आले. तेव्हापासून तो हातोडी तीनदा आपटतो. चौथऱ्याचं छप्पर आता गळत नाही.

एवढा गाजावाजा झाल्यावर थिएटरवाल्याने तो सिनेमा आणखी एक आठवडा ठेवला. शुक्रवारी लाइल आणि आर्डिसही गेले. मधल्या रांगेत बसले. लोकांनी ओळखीने माना हलवल्या, कोणी कोणी टाळ्याही वाजवल्या. लाइलला सिनेमा आवडत असावा, कारण तो अजिबात झोपला नाही. पडद्यावर कप्तान आरामखुर्चीत बसला होता. दुष्ट मामाने हळूच रिकामा पेला उचलला आणि टेबलावर आपटला. ठक-ठक.

मधल्या रांगेत लाइल उभा राहिला.

"बस खाली!" आर्डिसने त्याचा कोट ओढला. "सिनेमा आहे तो!"

तो ओशाळून बसायला लागला, तेवढ्यात मागच्या रांगेतून अंधारात एक रिकामा कागदी पेला त्याच्या खांद्याशी आला, आणि पाठोपाठ क्लेटन बुशनेलचा आवाज.

"आता उठलाच आहेस, तर माझ्यासाठीही घेऊन ये. साखर दीड चमचा."